झडप आधी की मी आधी?



गेल्या महिन्यात आपल्या ‘हिशेबाची वही’ या सदरात सरासरी माणसाला कशी चकवते ते आपण पाहिलं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातलं एक मी बाजूला काढून ठेवलं. एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे : ‘यजमान ७८ वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे गेले आहेत. डॉक्टर सांधे बदलायला सांगतात. मुलगा म्हणतो, नवा सांधा पंधरा-वीस वर्षांत झिजतो, मग पुन्हा ऑपरेशन. त्यापेक्षा थांबू या. तुम्ही आकड्यांच्या बाई, तुम्हीच सांगा.’

गुडघ्यातलं मला काही कळत नाही, आणि ऑपरेशन करावं की नाही हे सांगायचा मला अधिकारही नाही. पण मुलाच्या बोलण्यात जो हिशेब दडला आहे तो माझ्या चांगला ओळखीचा आहे. तो एकदा आमच्या घरी येऊन गेला. त्या वेळी प्रश्न गुडघ्याचा नव्हता, हृदयाच्या झडपेचा होता, आणि ते हृदय माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं होतं.

अक्का तेव्हा ७२ वर्षांची. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात राहायची. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादला. जिना चढताना धाप लागते, देवळात जाताना मध्ये दोनदा थांबावं लागतं, असं ती सांगायची आणि आम्ही वयावर ढकलायचो. एके दिवशी भाजी घेताना तिला चक्कर आली. तपासण्या झाल्या आणि कळलं की हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप अरुंद होऊन कडक झाली आहे. शिवाय हृदयाच्या दोन धमन्यांत अडथळे. बायपास आणि झडप, दोन्ही एकाच वेळी, छाती उघडून करायचं ठरलं.

आता झडप कोणती बसवायची? डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. एक धातूची, म्हणजे ज्याला सगळे मेटल व्हॉल्व्ह म्हणतात ती. दुसरी टिश्यूची, डुकराच्या हृदयातल्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयाभोवतीच्या आवरणापासून बनवलेली. धातूची झडप झिजत नाही म्हटलं तरी चालेल. पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी दर काही आठवड्यांनी सुई टोचून आयएनआर तपासायचा, आणि पालक-मेथीसारख्या भाज्याही बेताने, एका मापाने खायच्या. टिश्यूच्या झडपेला बहुधा ही जन्मभराची गोळी लागत नाही. पण ती हळूहळू झिजते आणि काही वर्षांनी निकामी होऊ शकते.

डॉक्टरांचा कल टिश्यूकडे होता. भाच्याचा धातूकडे. तो इंजिनियर. त्याने इंटरनेटवरून एक आलेख शोधून काढला होता. आडव्या अक्षावर वर्षं, उभ्या अक्षावर ‘झडप शाबूत असण्याचं प्रमाण’. रेघ सुरुवातीला सपाट, दहाव्या वर्षानंतर उतरायला लागलेली आणि पंधराव्या वर्षाच्या पुढे चांगलीच घसरलेली.

‘मावशी, हे बघ. मशीनचा पार्ट बदलताना आपण त्याचं लाइफ बघतोच ना? मग आईच्या हृदयाला कमी टिकणारा पार्ट का लावायचा? ८५-८७ व्या वर्षी तिची छाती पुन्हा उघडायची का?’

त्याचं प्रेम खरं होतं आणि आलेखही खरा होता. तरी मला काहीतरी खटकत होतं. आलेखाच्या खाली बारीक अक्षरांत पद्धतीचं नाव होतं : कॅप्लान-मायर. आयुष्यभर वर्गात शिकवलेली पद्धत. तिचा अक्काच्या प्रश्नाशी नेमका किती संबंध आहे, हे मात्र त्या रात्रीपर्यंत मला नीट तपासून पाहावं लागलं नव्हतं.

आधी त्या पद्धतीबद्दल थोडं. १९५८ साली एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर या दोन अमेरिकनांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दोघांनी एकच कल्पना वेगवेगळी लिहून एकाच नियतकालिकाकडे पाठवली होती. पुढे दोघांचं मिळून एकच लेखन झालं, आणि जगात सर्वांत जास्त उल्लेख झालेल्या शोधनिबंधांत आज त्याची गणना होते. मायर यांच्यापुढे रुग्णांचे प्रश्न होते. कॅप्लान यांच्यापुढे समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्या होत्या. आपल्या जुन्या रेडिओत ज्याला आपण ‘व्हॉल्व्ह’ म्हणायचो, त्याच जातीच्या. व्हॉल्व्ह गेला की केबल उपसून काढावी लागे, म्हणून तो किती टिकेल हा प्रश्न मोठा.

अडचण अशी, की अभ्यास संपेपर्यंत सगळे व्हॉल्व्ह जात नाहीत आणि सगळे रुग्णही शेवटपर्यंत हाती राहत नाहीत. समजा, शंभर जणींना झडप बसवली आणि त्यातली एक जण पाचव्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत निघून गेली. पाच वर्षं तिची झडप चांगली होती एवढं ठाऊक आहे, पुढचं नाही. तिला सरळ वगळलं तर तिची पाच वर्षं वाया जातात. कॅप्लान-मायर यांचा उपाय असा, की पाच वर्षांपर्यंत तिला मोजायचं आणि नंतर तिच्या झडपेचं तेच होईल जे मागे राहिलेल्यांच्या झडपेचं होतं, असं धरायचं. याला सेन्सॉरिंग म्हणतात. आलेखावर अशा ठिकाणी एक छोटी उभी रेघ मारतात.

वर्गात मी याला पंगतीचं उदाहरण द्यायची. पंगतीतून एक जण मध्येच उठून गेला, तर त्याच्या वाट्याचा लाडू त्याच्या पुढे बसलेल्यांना वाटून द्यायचा. बाहेरगावी गेलेल्या बाईच्या बाबतीत हे अगदी रास्त आहे. तिची झडप अमेरिकेत चालूच आहे, फक्त आपल्याला दिसत नाही.

पण जी बाई वारली तिचं काय? त्या आलेखात तिलाही अशीच उभी रेघ मारलेली असते. झडप चांगली असताना ती न्यूमोनियाने गेली, तर हिशेब म्हणतो, ‘हिची झडप पुढे काय करते ते आपल्याला दिसलं नाही.’ दिसलं नाही कसं? पुढे काही व्हायचंच उरलं नव्हतं. तिच्या वाट्याचा लाडू पुढच्यांना वाटून आपण असं धरतो की ती कुठेतरी जिवंत आहे आणि तिची झडप झिजते आहे.

हे भाच्याला तोंडी सांगून पटेना. तेव्हा मी अक्काच्या स्वयंपाकघरातून चिंचोक्यांचा डबा आणला. झोपाळ्याखाली जमिनीवर बसून आम्ही शंभर चिंचोके मोजले. एक चिंचोका म्हणजे टिश्यूची झडप बसवलेली, सत्तरी ओलांडलेली एक आजी. पुढचे आकडे मी सोयीसाठी मनाने घेतले होते, ते कुठल्या अभ्यासातले नाहीत. हिशेबाची तऱ्हा कळावी एवढ्यासाठीच.

पहिली पाच वर्षं. एकही झडप निकामी नाही. २० आज्या इतर कारणांनी गेल्या. ते चिंचोके एका वाटीत. उरल्या ८०.

पुढची पाच वर्षं. ८० पैकी ४ जणींची झडप निकामी झाली. ते ४ दुसऱ्या वाटीत. त्यानंतर ३६ जणी इतर कारणांनी गेल्या. उरल्या ४०.

त्यापुढची पाच वर्षं. ४० पैकी १० जणींची झडप निकामी. त्यानंतर २० जणी गेल्या. उरल्या १०.

आता साधा प्रश्न. शंभरातल्या किती जणींवर झडप निकामी व्हायची वेळ आली? दुसऱ्या वाटीत हात घालून मोजा. ४ आणि १०, एकूण १४. म्हणजे शंभरात १४.

कॅप्लान-मायरचा आलेख काय म्हणेल? दुसऱ्या टप्प्यात ८० पैकी ७६ झडपा टिकल्या, म्हणजे ९५ टक्के. तिसऱ्यात ४० पैकी ३० टिकल्या, म्हणजे ७५ टक्के. दोन्हींचा गुणाकार सुमारे ७१ टक्के. म्हणजे पंधरा वर्षांत शंभरात जवळजवळ २९ झडपा निकामी. वाटीत चिंचोके १४ आणि आलेखावर २९!

पंगतीच्या भाषेत पाहा. पहिल्या टप्प्यात गेलेल्या २० जणींचा वाटा उरलेल्या ८० जणींना दिला, तेव्हा प्रत्येकीचं वजन १ चं सव्वा झालं. म्हणून दुसऱ्या टप्प्यातल्या ४ निकामी झडपा ५ म्हणून मोजल्या गेल्या. तिसऱ्या टप्प्यापर्यंत प्रत्येकीच्या पानात २.३७५ जणींचा वाटा साठला, आणि १० झडपा पावणेचोवीस झाल्या. दोन्ही मिळून २८.७५. हा फरक जगातच नसलेल्या आज्यांच्या झडपांचा आहे.

भाचा हट्टी. तो म्हणाला, ‘मावशी, पद्धत इतकी वर्षं जगभर चालते, ती चुकीची कशी असेल?’ मी म्हटलं, ‘मग याच पद्धतीने मृत्यूचंही प्रमाण काढून बघ.’ त्याने कागद घेतला. पहिल्या टप्प्यात १०० पैकी ८० वाचल्या. दुसऱ्यात, झडप निकामी झालेल्या ४ जणींना सेन्सॉर करून, ७६ पैकी ४०. तिसऱ्यात तसंच ३० पैकी १०. गुणाकार सुमारे १४ टक्के, म्हणजे ८६ टक्के मृत्यू. मग त्यानेच बेरीज केली. झडपेचे २९ आणि मृत्यूचे ८६. एकशे पंधरा! शंभर आज्यांतून एकशे पंधरा जणींचा निकाल लागला होता, आणि १० जणी अजून झोपाळ्याखाली शिल्लक होत्या.

तो हसायला लागला आणि त्या आवाजाने अक्का उठून बाहेर आली. पाणी प्यायला म्हणून आलेली, आमच्याकडे बघत उभी राहिली.

‘रात्री अकरा वाजता चिंचोके कसले खेळताय?’

मी काही बोलेना. मंडळी, इथे हिशेब संपला होता आणि अवघड गोष्ट पुढेच होती. टिश्यूची झडप ‘पुरेल’ याचा अर्थ काय होतो, हे सख्ख्या बहिणीला तोंडावर कसं सांगायचं? झडप पुरेल, कारण बहुधा तू आधी जाशील. मी आकडे शिकवत आले ते नेहमी दुसऱ्यांच्या आज्यांचे.

पण अक्का काही कमी नव्हती. ती झोपाळ्यावर बसली आणि तिने वाट्यांकडे बोट दाखवलं. ‘या कोण?’

‘आज्या,’ भाचा म्हणाला.

‘आणि या मोठ्या वाटीतल्या?’

‘त्या... झडप चांगली असताना गेल्या,’ मी म्हटलं.

तिने मोजायला लावलं. ७६. मग छोटी वाटी. १४. मग जमिनीवरच्या १०. थोडा वेळ झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज तेवढा येत होता.

‘म्हणजे पुन्हा कापायची वेळ चौदा जणींवर,’ ती म्हणाली. ‘आणि लोखंडाची बसवली तर रोजची गोळी आणि महिन्याची सुई सगळ्या शंभर जणींना. असंच ना?’

असंच होतं. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने हे इतक्या नेमकेपणाने सांगितलं नव्हतं.

मग ती म्हणाली, ‘मी मरणार हे मला तुमच्या चिंचोक्यांनी सांगायला नको. मला एवढंच बघायचंय की मधली वर्षं कशी जातील. मी गोळी विसरते, तुला माहीत आहे. दोनदा मोरीत पडले आहे. रक्त पातळ असताना पडले तर?’ यावर भाचा काही बोलला नाही. त्या रात्री तो आईशेजारीच झोपला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आम्ही वाट्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले की वय ६५ च्या पुढे असलं की ते सहसा टिश्यूच सुचवतात, त्यामागे हेच तत्त्व असतं, फक्त ते असं मांडून कोणी दाखवत नाही. झडप गाईची की डुकराची, यावर घरात दोन दिवस कुजबुज झाली. ती अक्कानेच मिटवली. ‘वराह हाही विष्णूचाच अवतार,’ म्हणाली, आणि विषय संपला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझ्या हातून अर्धवट हिशेब दिल्याचं पाप घडेल.

कॅप्लान-मायरचा आलेख खोटा नव्हता. तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता. ‘कोणीच मेलं नाही असं धरलं, तर झडप स्वतः किती टिकाऊ?’ हा झडप बनवणाऱ्याचा प्रश्न आहे, आणि दोन कंपन्यांच्या झडपा ताडून बघायला तो रास्तही आहे. अक्काचा प्रश्न होता, ‘माझ्या हयातीत माझ्यावर ही वेळ येण्याचा संभव किती?’ त्याला वाटीतले चिंचोकेच मोजावे लागतात. संख्याशास्त्रात याला स्पर्धक जोखमींचा अभ्यास म्हणतात. दोन घटनांची जणू शर्यत असते, आणि एक आधी घडली की दुसरीला घडायची संधीच उरत नाही.

झडपांच्या बाबतीत हा फरक प्रथम ठळकपणे मांडला गेला तो अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये. तिथे १९६० साली अल्बर्ट स्टार या सर्जननी लॉवेल एडवर्ड्स या निवृत्त अभियंत्याबरोबर तयार केलेली कृत्रिम झडप रुग्णांना बसवायला सुरुवात केली. त्या रुग्णांचा वर्षानुवर्षांचा हिशेब ठेवणाऱ्यांत गॅरी ग्रुन्केमायर हे संख्याशास्त्रज्ञ होते. १९९४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या झडपांवर लिहिताना दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले. एक ‘ॲक्चुरियल’, म्हणजे विमा कंपनीच्या गणितासारखा. दुसरा ‘ॲक्चुअल’, म्हणजे प्रत्यक्ष घडलेला. नावात थोडासा फरक, पण वृद्धांच्या बाबतीत उत्तरात केवढं अंतर.

मात्र ‘प्रत्यक्ष’ आकडाही डोळे मिटून घेऊ नये. आपल्या चौदामध्ये एक मेख आहे. तो लहान आहे तो झडप मजबूत म्हणून नव्हे, तर ७६ जणी आधी गेल्या म्हणून. उद्या एखाद्याने फार आजारी, फार वृद्ध रुग्णांनाच झडप बसवली, तर ‘फक्त ५ टक्के निकामी’ अशी जाहिरात करता येईल आणि ती खोटीही ठरणार नाही! म्हणून झडपेचा आकडा कधी एकटा वाचू नये. शेजारी मृत्यूचा आकडा हवाच. दोन्ही वाट्या समोर ठेवाव्यात.

आणि माणूस तरुण असेल तर सगळंच फिरतं. आपल्या देशात लहानपणच्या संधिवाती तापामुळे, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हरमुळे, तिशी-चाळिशीत झडप खराब झालेले कितीतरी रुग्ण आहेत. त्यांच्या बाबतीत मोठ्या वाटीत फारसे चिंचोके पडतच नाहीत. शिवाय तरुण शरीरात टिश्यूची झडप लवकर झिजते. तिथे भाच्याचा आलेख आणि प्रत्यक्ष आकडा जवळजवळ एकच होतात आणि धातूच्या झडपेची बाजू भक्कम होते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने आपल्याकडेच तयार केलेली ‘चित्रा’ झडप १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली, ती याच धातूच्या गटातली. भाचा चुकला तो वयात, तर्कात नव्हे. चाळिशीच्या बाईसाठी त्याने तोच आलेख आणला असता, तर मी चिंचोक्यांचा डबा काढलाच नसता.

हा सगळा विचार काही आजचा नाही. १७६० साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे देवीच्या रोगाचा हिशेब मांडला. देवी नसत्याच तर माणूस सरासरी किती जगला असता? त्याचं उत्तर होतं २६ वर्षं ७ महिन्यांऐवजी २९ वर्षं ९ महिने. फायदा फक्त तीन वर्षांचा का? कारण देवीतून वाचलेलं मूलही अमर होत नाही, दुसरं काहीतरी त्याची वाट बघत असतंच. पण तेव्हा देवी टोचून घेण्यातही थोडा जिवाचा धोका होता. दालांबेर या दुसऱ्या गणितज्ञाने लगेच आक्षेप घेतला, की आज मरायचा धोका आणि म्हातारपणी मिळणारी तीन वर्षं एकाच तागडीत कशी घालायची? आमच्या झोपाळ्याखाली त्या रात्री हाच वाद चालला होता, फक्त माणसं वेगळी होती.

पुढे विसाव्या शतकात याचं रीतसर शास्त्र झालं. वाटीतले चिंचोके मोजायची नेटकी रीत १९७८ साली ऑलेन आणि योहान्सेन यांनी दिली. वय, मधुमेह, धूम्रपान अशा गोष्टींनी ते प्रमाण कसं बदलतं हे काढायची एक रीत फाइन आणि ग्रे यांनी १९९९ मध्ये दिली. आज ही साधनं प्रत्येक संशोधकाच्या संगणकात आहेत. तरी जुन्या सवयीने मृत्यूला नुसती उभी रेघ मारणारे आलेख अजूनही छापले जातात, आणि ते नातेवाइकांच्या मोबाइलवर येतात.

आता त्या भगिनींच्या पत्राकडे. गुडघ्यांचा असा हिशेब झालेला आहे. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात नुसता सांधा किती टिकतो एवढंच पाहिलं नाही, तर उरलेल्या आयुष्यात तो पुन्हा बदलायची वेळ येण्याचा संभव किती हेही काढलं. सत्तरीनंतर गुडघा किंवा खुबा बदललेल्यांत हा संभव सुमारे ५ टक्के निघाला, तर पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत ३५ टक्क्यांपर्यंत. तेव्हा ताई, ‘सांधा पंधरा-वीस वर्षांत झिजेल’ एवढ्याच कारणासाठी ७८ व्या वर्षी थांबायचं असेल, तर ते कारण फार मोठं नाही. भूल झेपेल का, साखर आटोक्यात आहे का, नंतरचा व्यायाम होईल का, ही कारणं खरी. ती डॉक्टरांशी बोला. आणि त्यांना एक प्रश्न नक्की विचारा : ‘यांच्या वयाच्या आणि यांच्यासारख्या तब्येतीच्या शंभर जणांपैकी प्रत्यक्ष किती जणांवर पुन्हा ऑपरेशनची वेळ आली?’ मूत्रपिंड मंद झालंय आणि पुढे डायलिसिस लागेल का, किंवा वृद्ध पुरुषाला प्रोस्टेटचा सावकाश वाढणारा कर्करोग आहे, अशा वेळीही हाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. उत्तर ऐकायला मात्र थोडं धैर्य लागतं.

अक्काने ते दाखवलं. ऑपरेशननंतर ती नऊ वर्षं जगली. जन्मभराची सुई मागे लागली नाही, मेथीची भाजी मनासारखी खाल्ली, दोन नातवंडांच्या मुंजी पाहिल्या. मोरीत आणखी एकदा पडली, हात मोडला, पण त्यावर निभावलं. दर वर्षीच्या इकोत झडप ठीक असायची. मग एका थंडीत न्यूमोनिया झाला आणि ती गेली. गेल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं झाल्यावर भाचा झोपाळ्यावर बसला आणि म्हणाला, ‘मावशी, तुझा हिशेब बरोबर निघाला.’

मी त्याला म्हटलं, एका माणसावरून हिशेब बरोबर ठरत नाही आणि चूकही ठरत नाही. ती चौदांत गेली असती, तरीही निर्णय तोच योग्य होता. आपल्या हातात होतं त्या माहितीवर आपण नीट प्रश्न विचारला, एवढंच आपलं.

पण रात्री मला झोप आली नाही. जिथे तिचं ऑपरेशन झालं, तिथल्या नोंदवहीत तिचं नाव असेल. कोणीतरी त्या नोंदींवरून आलेख काढील. त्यात नवव्या वर्षापाशी एक छोटी उभी रेघ असेल, ती माझी अक्का. ती रेघ मारणाऱ्याला माझी एवढीच विनंती आहे, की तिच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ असं लिहू नका. ‘झडप चांगली असताना गेली’ असं लिहा. पुढच्या कोणाच्या तरी आईचा हिशेब त्यावर व्हायचा आहे.

या महिन्याचं कोडं : मंडळाच्या सभागृहाच्या आवारात ४० नवे दिवे लावले. पहिल्या वर्षी २ दिवे आपोआप गेले, त्यानंतर १८ मुलांच्या चेंडूने फुटले. दुसऱ्या वर्षी उरलेल्या २० पैकी ५ आपोआप गेले. (१) दोन वर्षांत एकूण दिव्यांपैकी किती टक्के आपोआप गेले? (२) चेंडू नसताच, तर किती टक्के गेले असते असा अंदाज कराल? (३) दुकानदाराकडे दिव्याच्या दर्जाची तक्रार करायची तर यातला कोणता आकडा घेऊन जाल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला ओळखीचं वाटेल. उत्तरं पुढच्या अंकात. चिंचोके घेऊन बसा, घरातल्या मुलांनाही बसवा.